बांधायची कुठं?

"आता हिला बांधायची कुठं?"

नाव ट्रॉलीवरून उतरून शाळेच्या पटांगणातल्या कट्ट्यावर टेकली होती. पोरांचा गलका चालला होता, नारळ फुटला होता, खोबऱ्याचे तुकडे हातोहात फिरत होते, आणि नावाडी तात्यांनी हे विचारलं. नदी तिथून चांगली अर्धा किलोमीटर लांब. मे महिन्याचं ऊन, पायाखाली भेगाळलेली काळी जमीन. दोघं-तिघं हसले. "तात्या, आता कुठं जातीय ती?" असं एकजण म्हणाला. तात्यांच्या खांद्यावर नाड्याचं वेटोळं तसंच होतं. त्यांनी हसणाऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पटांगणाच्या कडेच्या लिंबाच्या झाडाकडं, मग शाळेच्या खिडक्यांकडं, मग पुन्हा नावेकडं बघत राहिले. मी त्या संध्याकाळी सांगलीला परत आले, दुसऱ्या दिवशी कामाला लागले, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

कृष्णाकाठच्या आमच्या गावाची ही नाव. सागवानी फळ्या, आत बाभळीच्या फासळ्या, लोखंडी खिळे, दोन्ही टोकं वर उचललेली. लांबी पंचवीस फुटांच्या आसपास. पलीकडच्या काठावर माझं आजोळ, त्यामुळं माझ्या लहानपणी सुट्टीची सुरुवात नावेतच व्हायची. घाटाच्या पायऱ्या उतरल्या की आई चपला हातात घ्यायची. चिखलात घोट्यापर्यंत पाय, मग नावेच्या काठाला हात, मग तात्यांचा हात. त्यांचा तळवा डांबर आणि पाण्यानं खरखरीत झालेला असायचा, आणि पकड अशी की एकदा धरल्यावर घसरायची भीतीच संपायची. आत तळाशी नेहमी थोडं पाणी. त्यात पाय बुडवून बसायचं. ओलं लाकूड, डांबर, कुणाच्या तरी पाटीतली मेथी, कुणाच्या शेळीचा वास. मधोमध आल्यावर बोलणं आपोआप कमी व्हायचं. वल्ह्याचा आवाज, पाण्याचा फळीवरचा आवाज, आणि आईचा पदर सावरत दूरच्या काठाकडं बघणारा चेहरा. माहेरच्या वाटेवर आई जशी दिसायची तशी ती घरात कधी दिसली नाही.

तात्यांचं घर कोळ्यांचं. नाव त्यांच्याकडं कित्येक पिढ्या. गावातल्या माणसानं नावेत बसताना पैसे द्यायचे नाहीत, सुगीला खळ्यावर धान्य द्यायचं, ही पद्धत माझ्या आजोबांच्या काळात पक्की होती आणि मी लहान असताना मोडकळीला आली होती. कुणी पायली घालायचं, कुणी "पुढच्या खेपेला" म्हणायचं. पाऊस असो, रात्र असो, पलीकडून कुणी हाक मारली की तात्या उठायचे. अडलेल्या बाया, साप चावलेली माणसं, परीक्षेला निघालेली पोरं, वऱ्हाडं, मयताला जाणारे नातेवाईक. एका गावाचं सगळं बरंवाईट ज्या माणसाच्या हातावरून गेलं, त्याला वर्षाकाठी मिळणारं धान्य मोजलं तर फार नव्हतं.

मग पूल झाला. आम्ही पेढे वाटले. पुलाचं मोल नदीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि त्या आनंदात काही खोटं नव्हतं. पण त्या दिवसापासून तात्यांच्या घरी खळ्यावरचं धान्य यायचं थांबलं, आणि त्याबद्दल गावात कुणी एका शब्दानं बोललं नाही. थोरला मुलगा साखर कारखान्यात हंगामी लागला, धाकटा मिरजेला गेला. नाव घाटाच्या कडेला करंजाखाली राहिली. हरिपूरलाही तसंच झालं. तिथं कृष्णा-वारणेच्या संगमावरून पलीकडं कोथळीला नाव चालायची, आता पूल आहे. नदीकाठानं वर-खाली कुठंही जा, अशी एखादी नाव कुठल्यातरी झाडाखाली दिसेल.

तरी आमची नाव पडून नव्हती. तात्या दर उन्हाळ्यात तिला उथळ पाण्यात बुडवून ठेवायचे. लहानपणी मला ते पाहून रडू यायचं. दगड भरून नाव मुद्दाम बुडवलेली, काठाच्या दोन रेघा तेवढ्या पाण्यावर. नंतर कळलं की लाकूड उन्हात वाळतं, आक्रसतं, फळ्यांमधल्या सांधी उघडतात. पाण्यात ठेवलं की फुगतं आणि फळ्या एकमेकींना घट्ट धरतात. पावसाच्या तोंडावर ती वर काढायची, सांधींतून कापूस ठोकून बसवायचा, वरून डांबर. पूल झाल्यावरही ते हे करत राहिले. कशासाठी, असं विचारणाऱ्यांना २००५ सालच्या पुरानं उत्तर दिलं. आणि २०१९ नं तर सगळ्यांनाच दिलं.

सांगलीच्या माणसाला ऑगस्टात भेटल्यावर तब्येत विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" असं विचारतात. १९२९ सालचा तो दगडी पूल आमचा मापाचा दांडा. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. मी विश्रामबागेत वरच्या मजल्यावर अडकलेले, आईवडील गावाकडं, फोनची बॅटरी संपत आलेली. गावातला तो नवा पूल, ज्याच्यावर आमचा एवढा भरवसा, त्याचे दोन्हीकडचे रस्तेच पाण्याखाली. पूल मधे उभा आणि त्याच्यापर्यंत जायला वाट नाही. रबरी बोटी आल्या, पण त्या यायला वेळ लागला, आणि तोवर तात्या आणि त्यांचा नातू नाव घेऊन गल्ल्यांतून फिरत होते. आईला त्यांनी आमच्या माडीच्या खिडकीतून उतरवून घेतलं. आई सांगते, "हात तोच होता गं."

त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, ब्रह्मनाळला नाव उलटली. आमच्याकडं अजून त्या गावाचं नाव घेताना आवाज खाली येतो. पुरातून सुटायला निघालेली माणसं, बायका, लेकरं. ती बातमी आली तेव्हा तात्या नावेतच होते. त्यांच्या नावेला बाहेरच्या बाजूनं एक पांढरी रेघ होती, चुन्याची, दरवर्षी नव्यानं ओढलेली. पाणी रेघेला लागलं की पुढचा माणूस घ्यायचा नाही. त्या दिवशी काठावर उभ्या माणसांनी हातापाया पडून विनवण्या केल्या, शिव्याही दिल्या, पण ती रेघ त्यांनी बुडू दिली नाही. जास्तीच्या खेपा मारल्या. माझा भाऊ मर्चंट नेव्हीत होता. तो म्हणतो मोठ्या मालवाहू जहाजांच्या पोटावर अशीच रेघ असते, कायद्यानं. तात्यांच्या रेघेमागं कुठलाही कायदा नव्हता. ती त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली होती.

यंदा घाटाचं काम निघालं. जुन्या पायऱ्या काढून नव्या, कठडा, दिवे. कामाच्या कागदात काठावरची "अडगळ हटवणे" असं कलम होतं आणि त्या अडगळीत नाव मोडत होती. तरुण मंडळातल्या एका पोरानं हे वाचलं आणि सगळ्यांना फोन केले. नाव आपण हलवायची, शाळेजवळ ठेवायची, मोडू द्यायची नाही. पुण्याला नोकरी करणारे आले, कारखान्याचा हंगाम संपल्यामुळं ट्रॅक्टर मोकळे होते, आम्ही माहेरवाशिणी आलो, मास्तर आले. जेसीबीनं उचलू असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा तात्या पहिल्यांदा बोलले. "दोन जागी धरून उचलली तर कंबर मोडंल तिची."

मला त्या वाक्याचा अर्थ भावानं फोनवर समजावला. पाण्यात जहाजाला आधार सगळीकडून असतो, तळाच्या प्रत्येक फळीखाली सारखा. वर काढलं की सगळं वजन जिथं टेकू लावले तिथंच येतं. इंग्लंडात पोर्ट्समथला नेल्सनचं 'व्हिक्टरी' आहे, ट्रफाल्गरच्या लढाईतलं. १९२२ पासून ते कोरड्या गोदीत उभं आहे, आणि एवढ्या वर्षांत स्वतःच्याच वजनानं खचत गेलं. शेवटी अलीकडं त्याच्याखाली १३४ नवे टेकू बसवले, प्रत्येकावर किती भार येतो हे मोजता येईल असे. इतका पैसा, इतके जाणते लोक, तरी पाण्यानं फुकट जे केलं असतं ते करायला त्यांना शंभर वर्षं लागली. हे ऐकल्यावर तात्यांकडं मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले. म्हणजे मान आधीही होता, पण तो मायेचा होता. त्यांच्या डोक्यात केवढं शास्त्र आहे याची कल्पना मला नव्हती.

मग नाव तात्यांच्या पद्धतीनं निघाली. आदल्या दिवशी आतलं पाणी, गाळ, पानं, सगळं उपसून काढलं. बायांनी घमेली घेतली होती. तळाशी कुणाची तरी काचेची बांगडी निघाली, एक गंजलेला विळा, आणि गाळात रुतलेलं एक जुनं नाणं. कृष्णामाईला वाहताना नावेतच पडलं असणार. नाणं तात्यांनी नदीत टाकलं. सकाळी उजाडायच्या आत सगळे घाटावर. नावेखाली पहारी घालून तिला बोटबोट उचलायचं, ओंडके सारायचे, मागचा ओंडका सुटला की पळत जाऊन पुढं लावायचा. बैलगाड्यांचे जुने नाडे एकाला एक जोडून दोन लांब ओढण्या केल्या होत्या. एकेका नाड्याला वीस-पंचवीस माणसं. पुढं ओढणारे फार, पण खरं काम मागं धरणाऱ्यांचं, कारण घाटाच्या चढावर नाव एकदा मागं सुटली असती तर खाली उभ्या माणसांची धडगत नव्हती. तात्या मागच्या नाड्याशी उभे राहिले. पुढं ते एकदाही आले नाहीत.

तळहात सोलून निघत होते. काथ्याची कुसळं बोटांत घुसत होती. तरी कुणी नाडा सोडत नव्हतं.

चढ संपल्यावर ऊस वाहायच्या दोन ट्रॉल्या एकमेकींना जोडून, वर भाताचा पेंढा आणि वाळूची पोती अंथरून तिला चढवलं. तेव्हा तिचा तळ मी पहिल्यांदा पाहिला. इतकी वर्षं जिच्यात बसले तिचा तळ मला माहीत नव्हता. डांबराचे थरावर थर, मधे मधे पत्र्याच्या चकत्या, एका जागी निराळ्या रंगाची फळी. "ती आमच्या बापानं घातलेली," तात्या म्हणाले. "आणि ही मी." ट्रॅक्टर माणसाच्या चालीनं निघाला. दारादारांत बाया तांब्या घेऊन उभ्या. कुणी नावेच्या तोंडावर पाणी घालत होतं, कुणी हळदकुंकू वाहत होतं. लग्न होऊन नावेतून या गावात आलेल्या म्हाताऱ्या होत्या त्यांत. त्यातली एक तात्यांना म्हणाली, "मला आणलंस तवा मी लई रडत हुते, तू गप वल्हं मारत हुतास." तात्यांनी मान हलवली.

ट्रॉलीमागं एक पोरगा मोटारसायकल ढकलत चालला होता, बजाजची व्ही. तिच्या टाकीत आयएनएस विक्रांतचं पोलाद आहे, म्हणून त्यानं हट्टानं घेतलेली. मला विक्रांत आठवली. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात जिनं एवढी कामगिरी केली, १९९७ ला जी निवृत्त झाली, तिला संग्रहालय म्हणून मुंबईत २०१२ पर्यंत लोकांनी पाहिलं. आम्हीही मुलांना घेऊन गेलो होतो. डेकवरचा वारा, तापलेल्या लोखंडाचा वास, खालच्या मजल्यांतले अरुंद जिने. ती वाचवायला लोकांनी निवेदनं दिली, कोर्टात गेले. २०१४ मध्ये तिची जागा बदलली, ती दारूखान्यात मोडायला नेण्यासाठी. एवढ्या मोठ्या जहाजाचा सांभाळ परवडत नाही हे कारण मला समजतं, पण पटत मात्र नाही, अजूनही. त्या पोराला त्या टाकीवर हात ठेवून बोलताना पाहिलं की वाटतं, एवढंसंच का उरावं?

भावानं सांगितलेली आणखी एक हकीकत मला जास्त जवळची वाटते. 'त्रिंकोमाली' नावाचं लढाऊ जहाज आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेलं आहे. जमशेटजी बोमनजी वाडियांनी, १८१७ साली, सागवानाचं. इंग्लंडात ओकच्या लाकडाचा तुटवडा होता म्हणून ते काम मुंबईला आलं. कण्याची तुळई ठेवताना पारशी रिवाजाप्रमाणं तिच्यात चांदीचा खिळा ठोकला होता. पुढं ते शिकाऊ पोरांचं जहाज झालं, नाव बदललं, म्हातारं झालं. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला नेलं. ते जहाजबांधणीचं गाव, पण तिथले कारखाने कधीच बंद पडलेले. हाताला काम नसलेल्या त्या गावात दहा वर्षांहून जास्त काळ त्याची दुरुस्ती चालली, २००१ मध्ये पुरी झाली, जुनं नावही परत मिळालं. दोनशे वर्षांचं ते सागवान आजही तरंगतं आहे. व्हिक्टरीसारखं कोरड्यात नाही, गोदीत पाण्यावर आहे. भाऊ म्हणाला, जहाज जिथं नेलं तिथं त्याच्यासाठी पाणी होतं आणि काम जाणणारे हात होते, म्हणून ते टिकलं. मला तेव्हा शाळेच्या पटांगणातला आमचा कट्टा आठवला.

कारण तात्यांच्या प्रश्नाचं मूळ त्या कट्ट्यात होतं. पोरांनी मोठ्या हौसेनं, स्वतः पैसे घालून काँक्रीटचा कट्टा ओतला होता आणि त्यात लोखंडी बोल्ट उभे केले होते. नाव वर ठेवायची आणि बोल्टांनी कायमची आवळायची. चोरी नको, हलायला नको, पोरं चढली तर कलंडायला नको. विचार चांगलाच होता. तात्या खिडक्यांकडं बघत होते ते एवढ्यासाठी की २०१९ च्या पाण्याची खूण त्या भिंतीवर अजून दिसते, खिडकीच्या गजांच्याही वर. "पाणी हितं येणार," ते म्हणाले. "आलं म्हंजे ही उठणार. तुम्ही खाली आवळून ठेवली तर बुडून मरंल. आणि सोडून ठेवली, बांधली नाही, तर जाईल वाहून. म्हणून इचारतोय, बांधायची कुठं."

पटांगण गप्प झालं.

मग वाद झाला, आणि तो चांगला जोरात झाला. बांधकामाचं शिकलेला एकजण म्हणाला, पूर काही दरवर्षी येत नाही, पण पोरं रोज येतात, सैल ठेवली तर कुणाच्या अंगावर पडेल. त्याचंही खरं होतं. कुणी म्हणालं, आता फायबरच्या बोटी मिळतात, हिला पुरात वापरायचीच कशाला, ही बघायला ठेवायची. मास्तर म्हणाले, मग मुलांना तिच्यातलं काय दाखवायचं? मला दोन्ही बाजू ऐकताना जीव कासावीस होत होता. नावेनं आता विश्रांती घ्यावी असं मला मनापासून वाटतं. त्या पाण्यात पुन्हा कुणाला, तात्यांच्या नातवाला तर नाहीच, उतरावं लागू नये असं वाटतं. आणि आईचं वाक्यही कानात असतं. नदीकाठच्या गावात नाव निव्वळ शोभेची करणं म्हणजे पूर येणार नाही असं धरून चालणं. २००५, २०१९, २०२१. आमच्या पिढीला तसं धरून चालायचा हक्क नाही.

शेवटी ग्राइंडर आणून बोल्ट कापले. नावेच्या दोन्ही कुशींना लाकडी टेकू दिले, पाचरी मारून; तळाखाली वाळूची पोती, जेणेकरून भार पसरेल. उन्हाळ्यात ती तडकू नये म्हणून शाळेच्या टाकीतून तिच्यात पाणी भरून ठेवायचं. तोंड नदीकडं केलं. फोटोसाठी ते रस्त्याकडं हवं होतं, पण यावर मात्र कुणी वाद घातला नाही. आणि पावसाळ्याच्या तोंडावर टेकू काढून, आतलं पाणी उपसून, सांधी भरून, लांब नाड्यानं ती लिंबाच्या झाडाला बांधायची. नाडा किती लांब ठेवायचा हे तात्यांनी नातवाला झाडाशी उभं करून दाखवलं: आखूड ठेवला तर पाणी चढेल तशी नाव खाली ओढली जाईल, फार लांब ठेवला तर पाण्याच्या ओढीनं भिंतीवर आपटेल.

आता राहिला आहे तो फलक. कट्ट्यापाशी लावायच्या संगमरवरी पाटीचा मजकूर मला वाचायला पाठवला होता. त्यात नाव किती जुनी ते आहे, हलवायला मदत करणाऱ्यांची नावं आहेत, देणगीदार आहेत, उद्घाटनाला येणारे पाहुणे आहेत. ती ज्यांनी चालवली त्या माणसांचं एकही नाव नाही. मी ग्रामसभेला पत्र लिहिलं आहे. त्यात दोन मागण्या केल्या आहेत. पाटीवर सगळ्यात आधी तात्यांच्या घराण्यातल्या, आठवतील तितक्या मागच्या पिढ्यांपासूनच्या नावाड्यांची नावं यावीत. बाकीची जागा उरली तर आमची. आणि दर पावसाळ्याआधी नाव तयार करण्याचं काम तात्यांच्या नातवाला पगारी द्यावं, त्याच्या हाताखाली गावातली आणखी चार पोरं शिकायला ठेवून. पैसे पंचायतीतून यावेत की वर्गणीतून, यावर मतभेद आहेत. मी वर्गणीच्या बाजूनं आहे. दर घरामागं सुगीच्या वेळी, पूर्वी जसं खळ्यावर मोजलं जायचं तसं, आणि थकलेल्या सगळ्या वर्षांसकट. माझ्या माहेरच्या घराचा वाटा मी पत्रासोबत पाठवून दिला आहे.